लाभ, दोन, तीन

आमच्या बालवर्गाला कोळीवाड्यात 'रडकी शाळा' म्हणत. सकाळी वर्ग भरला की तिथून जो काही आवाज उठे, तो ऐकून बंदरावर जाळी विणत बसलेली माणसं एकमेकांना म्हणत, "भरली रं मास्तरांची शाला." मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, आमच्या जिल्ह्याला अजून कुलाबा म्हणत, आणि रेवदंड्याच्या खाडीकाठी मला तिसरीचा किंवा चौथीचा वर्ग मिळेल अशी माझी समजूत होती. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी ती दूर केली. "तुम्ही तरुण आहात, गाणीबिणी येत असतील. घ्या ही लहान मुलं," ते म्हणाले. गाणी मला येत नव्हती. पण तसं सांगायची हिंमतही नव्हती.

त्या वर्गाबद्दल मी पुढे आयुष्यभर बोलत आलो. बालवाडीच्या शिक्षिकांची शिबिरं असत, तिथे मला बोलावत, आणि मी एक गोष्ट हमखास सांगायचो. एका कोळ्याच्या मुलीला 'एक' म्हणता येत नव्हतं. ती 'लाभ, दोन, तीन' असं मोजायची. वर्षभर घोकून घेतलं तरी तिच्या तोंडी एक काही आला नाही, आणि शेवटी तिला पहिलीत घेता आलं नाही. शिक्षिका पोट धरून हसायच्या. अलीकडे माझ्या नातसुनेने, तीही लहान मुलांनाच शिकवते, हीच गोष्ट जेवताना सगळ्यांना सांगितली. तिने ती कुठल्याशा शिबिरात ऐकली होती. मूळ सांगणारा समोर भात कालवत बसला आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

ती गोष्ट खरी नाही. त्या मुलीला मोजता येत होतं, वर्गात इतर कुणाहीपेक्षा चांगलं येत होतं. ती पहिलीत गेली नाही ती माझ्यामुळे. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी तो वर्ग कसा चालायचा ते सांगायला हवं.

वर्ग म्हणजे शाळेची मागची पडवी. जमीन शेणाने सारवलेली, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नारळाच्या झापांचा आडोसा, आणि त्याच्या फटींतून दिसणाऱ्या बोंबलांच्या वलांड्या. उभ्या-आडव्या बांबूंवर बोंबील जोडीजोडीने लटकत असत आणि वारा फिरला की तो वास सरळ आमच्या श्लोकात शिरे. प्रशिक्षणात मला रंगीत ठोकळे, मण्यांच्या माळा आणि लाकडी कोडी दाखवली होती. इथे यातलं काही नव्हतं. दोन पाट्या होत्या, त्यातली एक फुटकी. फळा मोठ्या मुलांकडून मागून आणावा लागे.

पहिले काही दिवस मी मुलांना रांगेत बसवायच्या खटपटीत घालवले. एकाला बसवला की दुसरा उठे. दुसऱ्याला बसवावं तोवर तिसरा आडोशाच्या फटीतून निसटून वलांड्यांखाली पोचलेला असे. एकदा एकाने चड्डीच्या खिशातून जिवंत कुर्ली, चांगली नांगीवाली खेकडी, आणून मधोमध सोडली. सगळा वर्ग किंचाळत भिंतीला लागला, मीही लागलो, आणि जेमतेम चार वर्षांच्या त्या मालकाने तिला मागून अलगद धरून उचललं. "मास्तर, अशी धराची," तो मला समजावून म्हणाला. त्या दिवशी प्रथमच कुणी रडलं नाही.

मग मी रांगेचा नाद सोडला आणि वाड्यात जे सापडेल ते गोळा करायला लागलो. तुटक्या जाळ्याचे तुकडे, सुंभाचे दोर, करवंट्या, शिंपल्या, कवड्या, पोफळीच्या वाडीतून गळलेल्या कोवळ्या सुपाऱ्या. रडणाऱ्या मुलाला गप्प कर म्हणण्यात काही अर्थ नसतो हे मला जाळ्याच्या तुकड्याने शिकवलं. दारात आईच्या वाटेकडे तोंड करून बसलेल्या मुलाच्या मांडीवर मी गुंता झालेलं जाळं नुसतं ठेवून द्यायचो, बोलायचो नाही. बोटं आपोआप त्यात शिरत. घरी बापाला तेच करताना पाहिलेलं असे. गाठ सुटेपर्यंत हुंदके चालत, आणि गाठ सुटली की मूल इकडे तिकडे बघून कुणाला दाखवावी याचा विचार करू लागे. तेव्हा जवळ जायचं, आधी नाही.

करवंट्यांचा उपयोग पाण्यासाठी. लहान, मोठी, आणि डोळा फुटलेली अशा तीन करवंट्या आणि एक घमेलं भरून पाणी. मोठीत लहानीचं पाणी किती वेळा मावतं, हे मुलं न सांगता करून बघत. डोळा फुटलेलीतून पाणी गळे, तिच्यावर कुणाचं बोट किती वेळ टिकतं याच्या पैजा लागत. थंडीत याच कारणावरून आयांनी माझी बरीच हजेरी घेतली. "मास्तर, पोरांना शिकवता का धुता?" एक बाई मला भर रस्त्यात म्हणाली होती.

अक्षरांसाठी दोर. जमिनीवर सुंभाचा जाड दोर अक्षराच्या वळणाने पसरायचा आणि मुलांनी त्यावरून अनवाणी चालायचं. पायाला काथ्या टोचे, त्यामुळे कुठे वळलो ते लक्षात राही. 'ट' सगळ्यांना आधी आला, कारण तो हुबेहूब गळासारखा दिसतो. त्याला ती 'गळ' म्हणत, आणि मीही म्हणू देई. 'अ' मात्र कुणालाच आवडत नव्हता. मग मी अ मागे ठेवला. पुस्तकात तो पहिला असला म्हणून मुलांच्या पायांनीही त्याला पहिला मान द्यावा असं कुठे आहे?

पिशवीत हात घालून न बघता शिंपली ओळखायची, डोळे मिटून ऐकू येणारे आवाज सांगायचे, गोष्ट ऐन मोक्याच्या जागी थांबवून पुढचं उद्यावर ढकलायचं, असंही बरंच काही चाले. 'कळलं का?' असं कधी विचारायचं नाही हे मी तिथेच शिकलो. सगळा वर्ग एका सुरात 'व्हय' म्हणायचा आणि कुणाला काही कळलेलं नसायचं. 'दाखव' म्हणायचं. आणि वर्गाची वेळ घड्याळावर नाही, भरतीवर. होड्या लागल्या की आया बंदरावर जात. मुलं तेव्हा वर्गात असली तर बरं पडे. त्यामुळे आमची शाळा रोज थोडी सरकत असे. हेडमास्तर आधी रागावले. मग पडवी भरलेली बघून गप्प बसले.

त्या मुलीला मी घरी जाऊन आणली होती. पाच-सहा वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ, आणि त्याच्या वजनाने एका बाजूला कललेली. बाप होडीवर, आई मासळी विकायला. आई अंगणात सोड्यांसाठी कोलंबी सोलत होती. मी शाळेचं बोललो तर मान वर न करता म्हणाली, "पोर शाळंत ग्येली तं याला कोन धरल?"

"त्यालाही घेऊन येऊ दे."

"तितं कोन धरल?"

"मी धरीन."

तेव्हा तिने वर बघितलं आणि मोठ्याने हसली. शेजारणीला हाक मारून म्हणाली, "आयकलंस का गो? मास्तर पोर धरनार! नेसवा याला लुगडं!" मग सोडे बाजूला सारून मला म्हणाली, "धाडते वरीसभर. पहिलीत जायाजोगी झाली, तं जाऊ दे तिला. तिचा बापूस न्हाय बोलला तरी मी धाडीन. न्हाय जमलं तं माझ्यासंगती सुकटीवर बसल. मंग मना इचारायला याचं न्हाय."

"पहिलीत जाईलच. माझी जबाबदारी," मी म्हणालो.

आणि मी धाकट्याला धरलाही. मांडीवर घेऊन शिकवायचो. त्याने माझी दोन धोतरं कायमची पिवळी केली.

ती मुलगी बोलायची कमी. बघायची फार. महिन्याभरात ती दोराच्या अक्षरांवरून डोळे मिटून चालू लागली. पण तिचा खरा जीव आमच्या 'बंदर-बंदर' खेळात. हा खेळ मुलांनीच हळूहळू रचला होता, मी फक्त जागा करून दिली. घमेल्यात समुद्र, करवंट्यांच्या होड्या, होड्यांतून शिंपल्या. होडी लागली की मासळी उतरायची, ढीग लावायचे, मोजून विकायचे. मासळीवाली नेहमी तीच. कंबरेला पदर खोचल्यासारखा परकर खोचून ती बसे आणि पहिला ढीग सरकवताना म्हणे, "लाभ." मग दोन, तीन, चार, वीसपर्यंत, आणि वीसनंतर पुन्हा "लाभ" म्हणून दुसरी वीस. घेणाऱ्याने खोटं मोजलं तर त्याच्या हातावर चापट बसे. "फशिवतंस व्हय रं? हितं चवदा हायत!"

'लाभ' म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी खाडीच्या आतल्या अंगाच्या भातशेतीवाल्या गावातला. खळ्यावर माझे वडील भात मोजायचे तेव्हा पहिलं माप ओतताना 'एक' कधी म्हणत नसत. 'लाभ' म्हणत. एक म्हटलं की माल तिथेच थांबतो, लाभ म्हटलं की वाढतो, अशी समजूत. मी लहानपणी राशीशेजारी बसून तेच म्हणायचो. आमच्याकडे भात, यांच्याकडे मासळी, एवढाच फरक. म्हणून खेळात 'लाभ' ऐकला की मला घरच्यासारखं वाटे. फळ्यावरचा आकडा विचारला तर ती सरळ 'एक' म्हणे. खेळातला पहिला ढीग आणि फळ्यावरचा एक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. मी तिला एकदाही टोकलं नव्हतं.

वर्षअखेरीस तपासणीचे साहेब यायचे ठरले. हेडमास्तर दोन दिवस आधीपासून घसा साफ करत होते. बालवर्ग नवा, तो पुढे चालू ठेवायचा की नाही ते साहेबांच्या शेऱ्यावर, आणि माझी नोकरी कायम व्हायची तीही त्याच वेळी. पडवी सारवली, झापं बदलली. आयांना बोलावणं धाडलं. त्या आल्या त्या बाजाराला जाता जाता, डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊनच, आणि आडोशाबाहेर उभ्या राहिल्या.

साहेब शहरातले होते, स्वभावाने चांगले. मुलांच्यात मांडी घालून बसले. पिशवीतली शिंपली ओळखली, चुकले, हसले. मग त्यांनी घमेलं, करवंट्या बघितल्या आणि विचारलं, "हे काय?" मी सांगितलं, मोजणीचा खेळ आहे. ते म्हणाले, "कोण मोजून दाखवतं?"

मुलांनी तिच्याकडे बोट केलं. ती पुढे आली, परकर खोचून बसली, शिंपल्यांचा ढीग साहेबांपुढे सरकवला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "लाभ."

साहेब थांबले. "काय म्हणालीस?"

"लाभ."

"बाळ, हे किती? एक ना? म्हण, एक."

ती माझ्याकडे बघू लागली. खेळात एक म्हणायचा नसतो. पाहुणा नवखा आहे, त्याला माहीत नसेल, मास्तर सांगतील. असं तिच्या डोळ्यांत अगदी सरळ दिसत होतं. आणि खरोखर तेवढंच करायचं होतं. 'साहेब, आमच्याकडे पहिल्या मापाला लाभ म्हणतात, पुढे बघा ती कशी मोजते', एवढं एक वाक्य.

साहेबांनी हसून हेडमास्तरांकडे पाहिलं. "लाभ! छान. अजून खेडवळपणा आहे बराच." हेडमास्तरही हसले. त्या हसण्यात मी सापडलो. माझ्या अंगातला सदरा नवा होता, बोलणं मी मोठ्या कष्टाने पुस्तकी करून घेतलं होतं, आणि खळ्यावर बसून 'लाभ' म्हणणारा मुलगा मीच होतो हे तिथे कुणाला कळू नये असं मला वाटलं. दुसरं काही कारण नव्हतं. नोकरीची काळजी होती असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं, पण तेही खरं नाही. मी म्हणालो, "ती जरा मंद आहे, साहेब. बाकीची मुलं नीट मोजतात."

साहेबांचा चेहरा लगेच कळवळला. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे, असू दे. मग हिला पहिलीत नका घालू. आणखी एखादं वर्ष बसू दे इथेच." त्यांना खाडीपलीकडे जाणारी होडी गाठायची होती. ते उठले. तिने पुढचे ढीग मोजलेच नाहीत. तिचा हात शिंपल्यांवर तसाच राहिला होता.

आडोशाबाहेर तिची आई उभी होती. झापांच्या फटींतून सगळं ऐकू येत असे, हे मला रोजच्या अनुभवाने माहीत होतं.

साहेब गेल्यावर हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. ते करडे वाटत, पण माणूस न्यायाचा. "मुलगी खरंच मंद आहे का हो?" त्यांनी विचारलं. "मला तर चुणचुणीत वाटते. तुम्ही म्हणत असाल तर मी माझ्या अंगावर घेऊन पहिलीत घालतो. साहेब काही रोज बघायला येत नाहीत." मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती, तीही इतक्या सोप्या रीतीने. पण आता खरं सांगायचं तर मघाशी खोटं बोललो हेही सांगावं लागणार. मी म्हणालो, "आहे जराशी. पुढच्या वर्षी बघू."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चार-पाच दिवसांनी मी घरी गेलो. आई सुकट पसरत होती, ती मुलगी शेजारी काडीने कावळे हाकत होती.

"तिला पाठवा," मी म्हणालो. "आणखी एक वर्ष..."

"मास्तर," आई म्हणाली, "तुमीच बोल्लाव का न्हाय, पोर मंद हाय?"

"ते तसं नव्हतं."

"मंग कसं हुतं?"

मी उत्तर शोधत होतो. तिने तेवढा वेळ मला दिला, हे आजही आठवतं. हातातली सुकट तशीच धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंद पोरीला शाळंत धाडून काय करायचं? ती मोजते, मी इकते, आमचं चालतंय. जावा तुमी. पोरं वाट बगत असतील." तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं.

बालवर्ग चालू राहिला. मी कायम झालो. साहेबांनी शेरा उत्तम दिला होता, खेळातून शिक्षणाची वाखाणणी केली होती, आणि त्यातूनच पुढे मला शिबिरांना बोलावणी येऊ लागली. पहिल्या शिबिरात काय सांगावं सुचेना तेव्हा मी 'लाभ'ची गोष्ट सांगितली. सगळे हसले. मग ती दर वेळी सांगत गेलो, आणि दर वेळी ती मुलगी थोडी अधिक अडाणी होत गेली. वीसपर्यंतची मोजणी तर मी पहिल्याच वेळी गाळली होती.

तिचा भाऊ मोठा झाला तेव्हा त्याचं नाव वर्गात घातलं. आता तो धरायचा राहिला नव्हता, पळायचा. त्याला रोज तीच आणून सोडे. पडवीच्या उंबऱ्यापर्यंत येई, त्याचं नाक परकराने पुसे, आणि जाण्याआधी क्षणभर आत बघे. आत बंदर-बंदर चालू असे. नवी मासळीवाली कच्ची होती, बारानंतर गोंधळायची.

एकदा मी धीर करून म्हणालो, "ये ना आत. बस जरा. हिला नीट येत नाही, तू दाखव."

ती हसली. तिने मान हलवली. "मना न्हाय येत, मास्तर," ती म्हणाली. "मी मंद हाय."

एखादी मुलगी आपण डावखुरी आहोत हे सांगते तसं तिने ते सांगितलं. त्यात तक्रार नव्हती, लाजही नव्हती. मी दिलेली माहिती तिने जपून ठेवली होती. खरं तर तिथेच, त्या उंबऱ्यावर, तिला सांगायला हवं होतं, की तू मंद नाहीस, तुला वर्गात सगळ्यांत चांगलं मोजता येत होतं, मीच खोटं बोललो. तिला ते कळलं असतं. ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात आत कुणीतरी घमेलं उलटं केलं, सगळीकडे पाणी झालं, आणि मी तिकडे धावलो. हातात फडकं घेऊन परत बाहेर डोकावलो, तेव्हा ती वलांड्यांपर्यंत गेली होती आणि तिची आई तिला लांबून हाक मारत होती.